कशावरून?

तुंगार्ली, लोणावळा
ता. मावळ, जि. पुणे

गडकोटांवर, व्यासपीठांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर मध्ययुगाचा इतिहास सांगणाऱ्या तरुण मंडळींस,



गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. सकाळची लोकल धरून मी मळवलीला उतरलो आणि भाजे गावातून लोहगडाची वाट धरली. गुडघे कुरकुरतात, पण वर्षातून एकदा गड चढायचा हा नेम अजून मोडलेला नाही. गणेश दरवाज्याशी तुमच्यातलाच एक जण पंधरा-वीस लोकांच्या घोळक्यासमोर उभा होता. आवाज खणखणीत, डोक्याला फेटा, शर्टाला माइक अडकवलेला. बांधकाम टिकेना म्हणून या दरवाज्याखाली एका घराण्यातल्या माणसांचा बळी दिला आणि त्या बदल्यात घराण्याला पाटीलकी मिळाली, ही गोष्ट तो सांगत होता. गोष्ट ऐन रंगात असताना सात-आठ वर्षांच्या एका पोराने विचारले, "कशावरून?"

हशा पिकला. आईने त्याला दटावले. तुमचा मित्र क्षणभर थांबला आणि म्हणाला, "इतिहासात आहे, बाळा." मग घोळका नारायण दरवाज्याकडे निघाला.

मी तिथेच पायरीवर टेकलो. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. 'इतिहासात आहे' हे उत्तर मीही अनेकदा दिले आहे, बहुतेक वेळा मार्च महिना तोंडावर आणि चार धडे शिल्लक असताना. म्हणून पोराने प्रश्न विचारला तुमच्या मित्राला, पण लागला मला.

तुमच्या कामाला मी कमी लेखत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या वर्गात पानिपतच्या धड्याला जांभया देणारी मुले तुमचे व्हिडिओ दोनदा-दोनदा पाहतात. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपला लोहगड आहे. तेव्हापासून वर येणाऱ्या माणसाला नुसती हवा आणि भजी पुरत नाहीत, त्याला काहीतरी ऐकायचेही असते. ते सांगणारे तुम्ही. पुरातत्त्व खात्याची पाटी चार ओळींत आटोपते, पुढचे सगळे तुमच्या जिभेवर. ही जबाबदारी तुमच्याकडे कुणी सोपवली नाही, ती चालत आली. म्हणूनच ती कशी पेलायची हे दाखवणाऱ्या एका माणसाची ओळख करून द्यावी, असे मनात आले.

हा माणूस तुमच्याच धंद्यातला. इतिहास लोकांपर्यंत नेणारा. तुंगार्लीहून त्याच्या घरी जायचे तर लोणावळ्याला लोकल धरायची, मळवली सोडायचे आणि कामशेतला उतरायचे. दुसरेच स्टेशन. गोविंद सखाराम सरदेसाई उर्फ नानासाहेब उर्फ रियासतकार आयुष्याची शेवटची तीस-पस्तीस वर्षे तिथे राहिले आणि 29 नोव्हेंबर 1959 रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, तिथेच वारले. मावळात इतिहास सांगायचा तर या शेजाऱ्याला ओलांडून पुढे जाता येत नाही.

नानासाहेबांचा जन्म 17 मे 1865 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा. शिक्षण रत्नागिरीला, मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. 1888 साली बी. ए. झाले आणि 1889 च्या आरंभी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत लागले. काम काय, तर महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची आणि राजपुत्रांना शिकवायचे. म्हणजे बोलूनचालून शिक्षक. महाराजांचा वाचनाचा सपाटा मोठा, त्यामुळे वाचून दाखवणाऱ्याचेही वाचन आपोआप वाढले. मॅकियाव्हेलीचा 'राजधर्म' आणि सीलीचा 'इंग्लंड देशाचा विस्तार' ही भाषांतरे त्यांनी याच काळात केली. महाराजांबरोबर युरोपही पाहिला.

राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा, तर मराठीत धड पुस्तक नाही. मग त्यांनी स्वतःच टिपणे काढायला सुरुवात केली. ती वाढत गेली आणि 1898 मध्ये त्यांचे पुस्तक झाले. वर्गातल्या टिपणांतून इतिहासकार घडला, ही गोष्ट मी माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना नेहमी ऐकवत असे. आमच्या टिपणांतून गाइडेच निघाली, तो भाग वेगळा.

आता त्या पहिल्या पुस्तकाचे नाव पाहा: 'मुसलमानी रियासत'. मराठी रियासत त्यानंतर, 1902 पासून पुढे तीस वर्षे, खंडामागून खंड अशी आली. ब्रिटिश रियासत त्याहीनंतर. हा क्रम मला फार बोलका वाटतो. ज्या माणसाने पुढे शिवाजी महाराजांची गोष्ट सांगितली त्याने आधी दिल्ली, बहामनी, अहमदनगर, विजापूर यांचे इतिहास मराठी वाचकाच्या हाती ठेवले. शहाजीराजे निजामशाहीत काय करत होते, आदिलशाहीत जहागिरी कशा चालत, परगणा, देशमुखी, मनसब म्हणजे काय, हे ठाऊक नसेल, तर स्वराज्य हे केवढे अवघड काम होते हेच कळत नाही. तुमच्या व्हिडिओत अफझलखान एकदम वाईला उगवतो. त्याच्या मागे कुठला दरबार होता, कसल्या चाली होत्या, यातले काहीच नसते. शत्रू असा कागदी झाला की त्याला हरवणाऱ्याचा पराक्रमही हलका होतो. तसा हेतू तुमचा नसतो, पण घडते तेच.

त्या 1898 सालाला आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे. एकीकडे एक माणूस सगळा इतिहास सलग सांगू पाहतो आहे. दुसरीकडे दुसरा म्हणतो, थांबा, आधी कागद गोळा करू. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस ही मंडळी वाड्यांच्या माळ्यांवरून, कोनाड्यांतून, वाण्याच्या पुड्यांच्या वाटेवरून कागद वाचवत होती. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. या खोदणाऱ्यांच्या पंगतीत रियासतकार जरा बाजूच्या पाटावरचे. दुसऱ्यांनी छापलेल्या साधनांवरून सोपा, सलग इतिहास लिहिणारा, शिवाय दूर बडोद्यात संस्थानी नोकरी करणारा. 'लोकप्रिय' हा शब्द विद्वानांच्या तोंडी कसा ऐकू येतो, हे तुम्हाला आज कळते. नानासाहेबांना ते शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

पण घराघरांत पोचली ती रियासत. संशोधक मंडळाचे त्रैमासिक वाचायला तयारी लागते, रियासत वाचायला फुरसत पुरते. तरीही नानासाहेब त्या यशावर बसून राहिले नाहीत. नवे कागद छापून आले की जुना खंड उघडायचा, चुकलेले काढायचे, नव्याने लिहायचे. शिवकाळावरचा भाग त्यांनी पहिल्यांदा 1902 मध्ये लिहिला, पुढे सुधारला आणि 1935 च्या सुमारास पुन्हा नव्याने मांडून वेगवेगळ्या पुस्तकांत काढला. म्हणजे एकाच गोष्टीवर तेहेतीस वर्षे. तुम्ही दोन वर्षांपूर्वी टाकलेल्या व्हिडिओतली चूक कळल्यावर काय करता? बहुतेक जण काही करत नाहीत, कारण त्यावर लाखभर लोकांनी अंगठा उंचावलेला असतो. चूकही लोकप्रिय झाली की तिला हात लावायला धीर लागतो.

नानासाहेबांची खरी परीक्षा मात्र निवृत्तीनंतर झाली. 1925 साली बडोदे सोडून ते कामशेतला आले. माणसे या वयात देवपूजा आणि नातवंडे यांत रमतात. त्यांच्या नशिबी तेही सुख नव्हते. शांतिनिकेतनात शिकलेला मुलगा, श्यामकांत, पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि तिथेच ऐन तारुण्यात वारला. बापाने त्याची पत्रे नीट लावली आणि पुस्तकरूपाने छापली. पत्रे जपायची आणि लावायची सवय माणसाला कशाकशासाठी वापरावी लागते पाहा.

मग आले पेशवे दफ्तर. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि राज्यकारभाराचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुण्यातल्या सरकारी इमारतीत, कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागदांचे हजारो गठ्ठे. इनामे आणि जमिनींचे दावे यांच्या भीतीने सरकार तिथे संशोधकांना सहजासहजी फिरकू देत नसे. पुण्याच्या मंडळींनी वर्षानुवर्षे मागणी केली होती. अखेर मुंबई सरकारने दार किलकिले केले, ते बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्या शिफारशीवरून. आणि आत पाठवले सरदेसायांना. तेव्हा त्यांचे वय होते चौसष्ट.

आत काय काम होते, याची कल्पना यावी म्हणून थोडे तपशिलात जातो. मराठेशाहीतल्या बहुसंख्य पत्रांवर सालच नसते. 'छ 15 रबिलावल' एवढेच असते. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. वर्ष दिलेच तर ते अरबी अंकनामांत, शुहूर सनात. ते नसेल तर मजकुरात वार सापडतो का, कुणाच्या मृत्यूचा, लग्नाचा, लढाईचा उल्लेख आहे का, ते पाहायचे; तारखा जुळवून दाखवणारी मोडकांची जंत्री उघडायची; त्या महिन्याची ती तारीख कुठल्या वर्षी त्या वारी येते ते जुळवायचे. मग पत्राला साल मिळते. एका पत्राला कधी एक सकाळ लागते, कधी आठवडा. अक्षर घाईचे, शाई उडालेली, कडा वाळवीने नेलेल्या. हे करून, मदतनीसांचा लहानसा ताफा हाताशी धरून, नानासाहेबांनी चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे 45 खंड छापून काढले. त्यातच बाजीराव, नानासाहेब पेशवे, पानिपत, माधवराव यांच्याविषयीची माहिती पुढच्या पिढ्यांना मिळाली. लोकप्रिय लिहिणारा माणूस खोदणाऱ्यांच्या खाणीत उतरला आणि टोपल्या भरून वर आला.

ते काम निर्दोष नव्हते. निवड घाईने झाली, वाचनात चुका राहिल्या, लावणी विस्कळीत आहे, अशी टीका पुण्यातून झाली आणि तिच्यात तथ्यही होते. पण आणखी एक गोष्ट त्या टीकेत मिसळलेली होती. जदुनाथ सरकार पुण्यात अनेकांना खुपत. त्यांचा भर फारसी साधनांवर, पुणेकरांचा मराठी कागदांवर. शिवकाळाविषयीचे त्यांचे काही निष्कर्ष इथे कुणाला रुचण्यासारखे नव्हते. अशा माणसाशी सरदेसायांची मैत्री. 1904 साली पत्रांतून सुरू झालेली आणि 1958 मध्ये सरकार वारले तेव्हाच संपलेली. सरकार कामशेतला येत, मुक्काम करत. सीतामऊचे महाराजकुमार रघुवीर सिंह हे त्या मैफलीतले तिसरे. पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीचा पत्रव्यवहारही सरकार आणि सरदेसाई यांनी मिळून खंडाखंडांनी प्रकाशात आणला. दोघांची मते सगळीकडे जुळत असे नाही. पण बंगालचा माणूस फारसी तवारिखा घेऊन आणि कोकणचा माणूस मोडी कागद घेऊन एकमेकांच्या गोष्टी तपासत बसले, ते या इंद्रायणीच्या खोऱ्यात. आपल्याशी न पटणाऱ्याला जवळ ठेवणे, हा त्या दोघांचा रियाज होता. तुमच्या कमेंट्सच्या खिडकीत मी तो शोधतो. तिथे बहुधा 'जय' आणि 'देशद्रोही' या दोनच जाती आढळतात.

1946 ते 1948 या काळात, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीतून तीन खंडांत लिहिला. आयुष्यभर मराठीत सांगितलेली गोष्ट म्हातारपणी पुन्हा पहिल्यापासून, नव्या साधनांनिशी, मराठी न जाणणाऱ्यांसाठी. 1957 साली पद्मभूषण मिळाले. कामशेतच्या घरी टपाल येत राहिले.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मास्तरांनी एक देव काढला आणि आरती सुरू केली. म्हणून त्यांची मोठी चूकही सांगतो, कारण ती नेमकी आपल्या जातीची आहे: लोकप्रिय सांगणाऱ्याची. नानासाहेबांनी शिवोत्तर काळावरच्या पुस्तकांना नावे दिली 'उग्रप्रकृती संभाजी', 'स्थिरबुद्धी राजाराम'. विशेषण सुटसुटीत, लक्षात राहणारे, मुखपृष्ठावर शोभणारे. आतल्या पानांवर पुरावे होते, शंका होत्या, तळटिपा होत्या. लोकांच्या डोक्यात राहिले ते विशेषण. त्यामागे मुख्यतः बखरींनी उभे केलेले चित्र होते आणि बखरी लिहिणारे कुठल्या बाजूचे होते, हे तपासायला आणखी वेळ जायचा होता. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागद चाळून 1960 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. 1971 मध्ये कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. आणि ते चित्र मुळापासून बदलले. संभाजीराजांचा धीर, मोहिमा, कारभार यांकडे महाराष्ट्र नव्याने पाहू लागला. रियासतकार तोवर गेले होते. असते तर, मला खात्री वाटते, त्यांनी तो खंड पुन्हा लिहायला घेतला असता. सवयच ती.

आज तुम्ही त्या विशेषणाच्या विरुद्ध टोकाची विशेषणे वापरता आणि वाटते, की चूक दुरुस्त झाली. विशेषण बदलले, पण आधी विशेषण आणि मग कागद, ही रीत तशीच राहिली. माणसाला एका शब्दात बसवले की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावेसे वाटत नाही. आणि ज्या गोष्टीनंतर प्रश्न पडत नाही ती गोष्ट इतिहासाची नव्हे.

सांगायचे कसे मग? आपल्या मावळातलेच एक उदाहरण घेऊ. तुम्हा सगळ्यांचा आवडता विषय, इष्टूर फाकडा. 1778 च्या अखेरीस इंग्रजांची फौज रघुनाथरावाला गादीवर बसवायला मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून आली. म्हणजे आपल्या खंडाळा-लोणावळ्यावरून. मराठ्यांनी समोरासमोर गाठ न देता रसद तोडत, गावे ओस पाडत तिला आत येऊ दिले. कार्ल्याजवळ 4 जानेवारी 1779 रोजी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. फौज तळेगावला पोचली, तिथून मागे फिरली, तोफा तळ्यात टाकल्या, वडगावला कोंडली गेली आणि 16 जानेवारीला तह लिहून द्यावा लागला. एवढे पत्रांवरून, तहाच्या कागदांवरून आणि इंग्रजांच्या नोंदींवरून सांगता येते.

आता दुसरा थर. या शत्रूला, म्हणजे स्टुअर्टला, मराठ्यांनी 'इष्टूर फाकडा' म्हणून लक्षात ठेवले. ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या इतिहासात या टोपणनावाची नोंद आहे. म्हणजे पन्नासेक वर्षांनीही लोक ते नाव घेत होते. हा पुरावा लढाईचा नाही, आठवणीचा आहे. आणि तोही मोलाचा आहे, कारण शत्रूच्या धाडसाला दाद देणारी जमात त्यातून दिसते.

तिसरा थर: तो झाडावर चढून टेहळणी करत होता, दुर्बीण हातात होती, गोळा नेमका तिथे आला, तो अजून अमक्या रात्री दिसतो, नवस केला तर पावतो. हे ऐकीव. हेही सांगा. मला स्वतःला ते फार आवडते. फक्त सांगताना आवाज बदला. 'असे लोक सांगतात' हे तीन शब्द उच्चारायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्याने गोष्टीची गंमत रतिभरही कमी होत नाही. उलट ऐकणाऱ्याला कळते, की ज्या माणसाने हे वेगळे काढून दाखवले त्याने आधीचे जे ठाम सांगितले ते ठाम असणार.

कागद, बखर आणि ऐकीव, अशा तीन टोपल्या बरोबर ठेवल्या की 'कशावरून' या प्रश्नाचे उत्तर देणे जड जात नाही. बखरीच्या टोपलीतही पुन्हा निवड आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली, शिवाजी महाराजांना पाहिलेली माणसे हयात असताना. ती जिंजी लोहगडाबरोबर युनेस्कोच्या यादीत आहे, हेही सांगायला विसरू नका. मल्हार रामराव चिटणीसाची बखर त्यानंतर शंभरावर वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आली. दोन्हींना नुसते 'बखरीत आहे' म्हणणे म्हणजे आजोबांनी पाहिलेले आणि शेजाऱ्याने ऐकलेले एकाच भावात विकणे.

आणि हो, माहीत नाही म्हणायला लाजू नका. खुद्द शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. जुन्या पुस्तकांत साल 1627 होते. कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात 1630 साल निघाले, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख अधिकृत मानली ती 2001 मध्ये. महाराष्ट्राच्या सर्वांत लाडक्या माणसाच्या वाढदिवसासाठी एवढा काळ लागला. तिथे गडावरच्या एका टाक्याचे वर्ष तुम्हाला सांगता आले नाही, तर त्यात कमीपणा कसला?

हे सगळे केल्याने बघणारे कमी होतील, अशी तुम्हाला भीती असेल. असू शकते, मला तुमचे आकडे कळत नाहीत. पण रियासतकारांचे उदाहरण समोर आहे. त्यांनी लोकांसाठी लिहिले आणि कागदही सोडला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली, पॉप्युलर प्रकाशनाने मराठी रियासत आठ खंडांत पुन्हा काढली आणि लोकांनी पुन्हा घेतली. लोकप्रिय पुस्तके ढिगाने येतात आणि रद्दीत जातात. हे टिकले, कारण त्यात चुका शोधून दुरुस्त करता येतील अशी जागा लेखकाने ठेवली होती. पुरावा दिला की खोडून काढणाऱ्यालाही हात धरायला काहीतरी मिळते. नुसता आवेश दिला तर फक्त टाळ्या मिळतात, आणि टाळ्यांना तळटीप नसते.

तेव्हा मंडळी, मागणी मोठी नाही. महिन्यातून एक रविवार गड बाजूला ठेवा आणि मोडी शिका. पुण्यात शिकवणारे आहेत, शिकायला फार काळ लागत नाही. व्हिडिओच्या शेवटी कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या खंडावरून सांगितले ते एका ओळीत टाका. चूक कळली तर नवा व्हिडिओ काढून 'माझे चुकले होते' म्हणा. तो सगळ्यात जास्त पाहिला जाईल, असा माझा अंदाज आहे. आणि लोहगडावरून उतरल्यावर मळवलीला परतीची गाडी पकडण्याआधी एकदा पुण्याच्या बाजूची गाडी धरून कामशेतला उतरा. स्टेशनवर उभे राहून एवढेच मनात आणा, की या गावातला एक म्हातारा चौसष्टाव्या वर्षी रुमाल सोडायला बसला होता.

गणेश दरवाज्यातल्या बळीच्या गोष्टीपुरते सांगायचे, तर ती सांगणे बंद करू नका. फक्त तिच्या शेवटी एक वाक्य जोडा: "ही गोष्ट इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत, तिचा कागद मी पाहिलेला नाही." पुढच्या रविवारी म्हणून पाहा. घोळका पांगतो की आणखी जवळ सरकतो, ते मला तुंगार्लीला येऊन सांगा. चहा माझ्याकडे.

आपला,
तुंगार्लीतला एक निवृत्त इतिहास-शिक्षक